अॅनाबर्गच्या पडक्या साखर-गिरणीपाशी अंतरपाट : सेंट जॉन बेटावर लग्न लावायचं तर

अंतरपाट धरायला दोन माणसं पुरतात. खांब लागत नाही, दोर लागत नाही, खिळा तर नाहीच. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या ध्यानात आली सेंट जॉन बेटावर, अॅनाबर्ग या उसाच्या जुन्या मळ्याच्या पडक्या भिंतीसमोर, हातात राष्ट्रीय उद्यानाच्या अटींचा कागद घेऊन उभी असताना. भिंतीला काही टांगायचं नाही. जमिनीत काही ठोकायचं नाही. विस्तव नाही. तांदूळ उधळायचे नाहीत. भाचीचा चेहरा पडला. म्हणाली, "मावशी, मग उरलं काय?"

मोजून पाहिलं तर बरंच उरलं होतं: अंतरपाट, मंगलाष्टकं, दोन हार आणि जवळची माणसं. बाकीचं सगळं आम्ही दुसरीकडे नेलं, आणि तसंच करावं असं मी आता प्रत्येकाला सांगते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून ‘कॅरिबियनमध्ये, जुन्या वास्तूत, समुद्र मागे असेल असं’ लग्न हवं म्हणून विचारणा वाढली आहे. त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरण एकच घेते, अमेरिकी व्हर्जिन बेटांतल्या सेंट जॉनचं. बार्बाडोस, जमैका, अँटिग्वा, नेव्हिस इथेही अशा वास्तू आहेत, पण प्रत्येक ठिकाणचा कायदा आणि व्हिसा वेगळा.

पहिली पायरी : ती जागा काय होती ते समजून घ्या

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला अॅनाबर्ग समजायला वेळ लागत नाही. ते एक मोठं गुऱ्हाळच होतं. चरक फिरवायला टेकडीवर दगडी पवनचक्की. वारा पडला की जनावरं जुंपायला शेजारी गोल चौथरा. रस उतारानं खालच्या कढईघरात यायचा. तिथे भिंतीला धरून काहिलींची ओळ, मोठीपासून लहानपर्यंत, आणि खाली जाळ चिपाडाचा. शेवटच्या लहान काहिलीत रस दाण्यावर आला की थंड करायच्या हौद्यांत ओतायचा, काकवी निथळू द्यायची, आणि त्या काकवी-मळीची रम गाळायची.

इथपर्यंत सगळं ओळखीचं, पुढचं मात्र नाही. आपल्याकडे गुळव्या हा मानाचा माणूस, त्याच्या शब्दाशिवाय काहील उतरत नाही. इथे काहिलीपाशी उभा असलेला माणूस मालकाच्या वहीत गुराढोरांसारखा किंमतीसकट लिहिलेला असे. कॅरिबियनमधल्या चरकांपाशी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची. ऊस सारताना हात सापडला तर चरक थांबेपर्यंत माणूस आत ओढला जाई, म्हणून हात तोडायला.

अॅनाबर्गची पवनचक्की १८१० ते १८३० या काळात बांधली गेली. आज तिचा घुमट नाही, पाती नाहीत, वर निमुळता होत गेलेला सुमारे ३८ फुटांचा दगडी बुरूज तेवढा आहे. त्याच्या भिंतीजवळ जाऊन बघा. बेटावरचा दगड, जहाजांतून आलेल्या विटा, आणि मधे मधे प्रवाळाचे तुकडे. त्यातल्या काहींवर मेंदूसारख्या वळ्या अजून स्पष्ट दिसतात. भाचीनं बोट लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं. हे प्रवाळ समुद्रातून काढून, वाहून आणून, तासून बसवणारे हात गुलामांचे होते.

डेन्मार्कनं हे बेट १७१८ मध्ये वसवायला घेतलं. नोव्हेंबर १७३३ मध्ये इथे मोठा उठाव झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या अक्वामू लोकांनी कोरल बे इथला किल्ला घेतला आणि कित्येक महिने बेटाचा बराचसा भाग आपल्या ताब्यात ठेवला. अखेर मार्टिनिक बेटावरून फ्रेंच सैनिक आणून उठाव मोडला. गुलामगिरी संपली ती ३ जुलै १८४८ ला. ३१ मार्च १९१७ ला ही बेटं अडीच कोटी डॉलरच्या सोन्याच्या मोबदल्यात अमेरिकेकडे आली, आणि १९५६ मध्ये सेंट जॉनवर राष्ट्रीय उद्यान झालं. आता बेटाचा अर्ध्याहून अधिक भाग उद्यानात मोडतो.

एक गोष्ट मात्र फोटोग्राफर तुम्हाला सांगणार नाही. अॅनाबर्गच्या कठड्यापाशी उभं राहिलं की निळ्या-हिरव्या पाण्यापलीकडे डोंगर दिसतात. प्रत्येक लग्नाच्या फोटोत मागे तेच असतात. ते टॉर्टोला आणि त्याच्या भोवतालची बेटं, म्हणजे ब्रिटिश हद्द. ब्रिटिश वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी रद्द झाली, डॅनिश बेटांत ती आणखी १४ वर्षं चालू राहिली. त्या १४ वर्षांत इथली माणसं रात्री होड्यांतून, तराफ्यांवरून, काही पोहूनसुद्धा तो पट्टा ओलांडून पळून जायची. प्रवाह जोरदार, पहारा कडक. सगळे पोहोचले नाहीत. आपण ज्याला ‘व्ह्यू’ म्हणतो ती त्यांची सुटकेची वाट होती.

दुसरी पायरी : इथे करावं की नाही, हे घरात उघड बोला

हा प्रश्न टाळू नका. पाहुण्यांपैकी कुणीतरी तो विचारणारच, आणि तो लग्नाच्या दिवशी विचारला जाणं वाईट. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये पिंटरेस्ट आणि ‘द नॉट’ या लग्नाच्या मोठ्या संकेतस्थळानं मळ्यांवरच्या लग्नांची भलामण आवरती घेतली. अभिनेता रायन रेनॉल्ड्सनं २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या अशाच मळ्यावर लग्न केलं होतं. २०२० मध्ये त्यानं त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

माझं मत सांगते. ज्या हवेलीत मालक राहत होता तिथे झुंबरं लावून, मद्याचे पेले फिरवून मेजवानी करायची असेल तर करू नये. अॅनाबर्गमध्ये तसली हवेली मिरवायला नाहीच. तिथे आहेत ते राबणाऱ्यांचे चरक, भट्ट्या आणि त्यांच्या झोपड्यांचे अवशेष. अशा ठिकाणी अर्धा तास, हळू आवाजात, जागेचं नाव आणि इतिहास पाहुण्यांना आधी सांगून लग्न लावणं मला गैर वाटत नाही. तुम्हाला वाटलं तर तेही बरोबरच आहे. मग समुद्रकिनारा निवडा, त्याच उद्यानात सुंदर किनारे आहेत. ‘मळा’ म्हणून पत्रिकेत रोमँटिक नाव छापू नका, एवढं मात्र नक्की करा. आम्ही पत्रिकेच्या मागच्या बाजूला चार ओळींत अॅनाबर्ग काय होतं ते छापलं. आजोबांना आधी ते अशुभ वाटलं. मग स्वतःच सगळ्यांना वाचून दाखवत बसले.

जाता जाता एक. आपलीही माणसं या ऊसमळ्यांपर्यंत पोहोचली होती. १८६३ मध्ये ‘मार्स’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून तीनशेच्या वर मजूर शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर करारानं आणले गेले. करार संपल्यावर बरेचसे परत गेले. मराठी मजूर मोठ्या संख्येनं गेले ते मॉरिशसला, तेही उसासाठीच. त्यामुळे ‘आपला काय संबंध’ असं म्हणणाऱ्या काकांना द्यायला उत्तर आहे.

तिसरी पायरी : जागा निवडा, माणसं मोजा

सेंट जॉनवर लग्नासाठी विचार करण्यासारखे अवशेष तीन. अॅनाबर्ग सर्वांत मोठं. पायवाट आहे, पण चढाची, आणि सावली फार थोडी. पीस हिल म्हणजे गवताळ टेकडीवरची एकटी पवनचक्की. चढ थोडाच, दोन्ही बाजूंना समुद्र, छोट्या लग्नाला छान. कॅथरीनबर्ग बेटाच्या मधल्या डोंगररस्त्यालगत आहे. तिथली चक्की कमानीदार तळघरावर उभी आहे, आणि १७३३ च्या उठावात बंडखोरांचं ठाणं तिथे होतं. रीफ बेची गिरणीही देखणी, पण तिथे जायला जंगलातून दोन मैलांची उतरण आहे. पैठणी नेसून ती उतरायची कल्पना ज्याची असेल त्यानं आधी स्वतः परत वर चढून दाखवावं.

माणसांबद्दल कठोर व्हा. २०-२५ च्या वर गेलात की वाहनं, पार्किंग, परवाना सगळंच अवघड होतं. आमच्याकडे यादी ८० वरून २६ वर आणताना जे रुसवे-फुगवे झाले ते अजून पूर्ण मिटलेले नाहीत. उपाय एकच: स्वागत समारंभ घरच्या गावी, नंतर, मोठा करा आणि हे पहिल्याच फोनवर सांगा.

चौथी पायरी : व्हिसा

हे बेट अमेरिकेचं, म्हणून भारतातून येणाऱ्या आई-वडिलांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो आधीच हातात असेल तर वेगळं काही नको. नसेल तर तारीख ठरवण्याआधी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बघा. उलटं केलं तर रडायची पाळी येते.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी विमान देशांतर्गतच असतं. पण परतताना शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या विमानतळावर सीमा-तपासणी होते, तेव्हा ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि एच-१बीवाल्यांनी पासपोर्ट व कागदपत्रं जवळ ठेवावीत. खरी फजिती होते ती होडीच्या सहलीत. लग्नाला आलेली तरुण मंडळी दुसऱ्या दिवशी योस्ट व्हॅन डाइकला जायचं ठरवतात. ते बेट ब्रिटिश हद्दीत आहे. म्हणजे तुम्ही अमेरिका सोडलीत, आणि परत येताना व्हिसाचा शिक्का चालू असावा लागतो. शिक्क्याची मुदत संपलेल्या एका भाच्याला मी धक्क्यावर दंड धरून थांबवलं. तो दोन तास बोलला नाही. नंतर त्यालाच कळलं.

पाचवी पायरी : दोन वेगळे कागद

इथे लोक गोंधळतात. एक कागद जागेचा, दुसरा लग्नाचा, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

जागेसाठी राष्ट्रीय उद्यानाचा विशेष वापराचा परवाना काढावा लागतो. अर्जात नेमकी जागा, तारीख, वेळ, माणसं, गाड्या, खुर्च्या, फोटोग्राफर, सगळं लिहा. ‘काही सजावट’ असं मोघम लिहू नका. ‘दोन पाट, एक अंतरपाट, दोन हार, सहा घडीच्या खुर्च्या, सगळं सोबत नेणार’ असं लिहा. आमच्या अर्जावर अंतरपाटाबद्दल उलट प्रश्न आला. दीड मीटर कापडाचा फोटो आणि ‘दोन माणसं हातात धरतात’ असं एक वाक्य पाठवलं, मिटलं. शुल्क आणि नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज उद्यानाच्या संकेतस्थळावरूनच घ्या आणि निदान तीन महिने आधी द्या. परवाना मिळाला म्हणजे जागा तुमच्या एकट्याची होत नाही. इतर पर्यटक येणार, थांबणार, फोटोही काढणार. त्यांना हटकायचा हक्क आपल्याला नाही.

लग्नाचा परवाना व्हर्जिन बेटांच्या सुपीरियर कोर्टाकडून मिळतो. तिथले रहिवासी असण्याची अट नाही. टपालानं अर्ज केला तर नोटरीची सही लागते. आधी घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद हवा. लग्न लावणारा माणूस तिथल्या कायद्याला मान्य असला पाहिजे, म्हणून तुमचे गुरुजी डॅलसहून येणार असतील तर त्यांच्याबद्दल कोर्टाला आधी लेखी विचारा. आम्ही सोपा मार्ग धरला: कायदेशीर लग्न तिथल्या नोंदलेल्या व्यक्तीकडून, दहा मिनिटांत. विधी आमच्या गुरुजींकडून. काही जोडपी कायदेशीर नोंदणी आधीच आपल्या गावच्या कोर्टात उरकतात आणि बेटावर फक्त विधी करतात. मला तोच मार्ग सगळ्यांत निर्धास्त वाटतो.

सहावी पायरी : मुहूर्त, घड्याळ आणि वादळं

सेंट जॉन साधारण पुण्याच्याच अक्षांशावर आहे, १८ अंश उत्तर. दिवस-रात्रीची लांबी, उन्हाची धार, चिंच, चाफा, सीताफळ, उन्हाळ्यात पेटलेला गुलमोहर, सगळं इतकं ओळखीचं की आजी म्हणाली, "अगं, हे तर आपलं कोकणच, फक्त माणसं इंग्रजी बोलतात."

पंचांग मात्र तसंच्या तसं चालत नाही. तिथी संपते तो क्षण जगभर एकच असतो, म्हणून भारतीय वेळेतून साडेनऊ तास वजा करा. तिथे घड्याळ पुढे-मागे करायची पद्धत नाही, तेव्हा हा फरक बारमाही तोच. पण सूर्योदय आणि लग्नराशी त्या जागेच्या असतात. ते गणित गुरुजींना बेटाचे अक्षांश-रेखांश देऊन करून घ्या.

आमच्या गुरुजींना गोरज हवा होता. समुद्र, मावळता सूर्य, सगळं जुळत होतं. मी नको म्हटलं. एक तर अवशेषांत दिवे नाहीत आणि परतीचा डोंगररस्ता अंधारात वळणावळणाचा. दुसरं, संध्याकाळ झाली की डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत अशा वाळूतल्या माश्या पायांना फोडून काढतात. तिसरं, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन. सकाळचा साडेआठचा मुहूर्त निघाला. ऊन कोवळं, जहाजांवरच्या पर्यटकांच्या गाड्या अजून यायच्या होत्या, आणि पुण्यात संध्याकाळचे सहा, चहाची वेळ.

महिना कोणता? चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळाच. ६ सप्टेंबर २०१७ ला ‘इर्मा’ पाचव्या श्रेणीचं वादळ होऊन या बेटावरून गेलं आणि दोन आठवड्यांत पाठोपाठ ‘मारिया’ आलं. जुन्या भिंतींनी बऱ्यापैकी तग धरला, घरांची छपरं राहिली नाहीत. डिसेंबर-मध्यापासून एप्रिल-मध्यापर्यंत पर्यटकांचा हंगाम, भाडी चढी. पौषात आपल्याकडे मुहूर्त धरत नाहीत, म्हणून त्या महागड्या हंगामाचा एक तुकडा आपोआपच टळतो. माघ, फाल्गुन, वैशाख बघा. कोणताही महिना असला तरी लग्नाचा विमा उतरवा आणि वादळाचं कलम स्वतः वाचा.

सातवी पायरी : विधी वाटून घ्या

सगळ्यांत जास्त विचार इथे लागतो. आमची वाटणी अशी होती:

भाड्याच्या बंगल्यात, मालकाची लेखी परवानगी काढून: हळद, पुण्याहवाचन, गौरीहर, कन्यादान, होम, सप्तपदी, जेवण.

अॅनाबर्गला: अंतरपाट, मंगलाष्टकं, हार. एकूण २५ मिनिटं.

होम तिथे होऊच शकत नाही. उद्यानात ठरलेल्या शेगड्यांखेरीज विस्तवाला बंदी आहे. ‘फक्त छोटंसं होमकुंड’ असंही नाही, निरांजनही नाही. सेलवरचा दिवा न्या किंवा काहीच नेऊ नका. दोनशे वर्षांच्या चुन्यावर धूर, तेल, हळद-कुंकू काय करतं याचा विचार करा. कुंकवाचा हात भिंतीला टेकला तर डाग निघत नाही. आम्ही करवलीला एकच काम दिलं होतं: सगळ्यांच्या हातांवर लक्ष ठेवणं. नारळही दगडावर वाढवायचा नाही.

अक्षतांवर घरात खरंखुरं भांडण झालं. तांदूळ उधळायला मनाई, फुलांच्या पाकळ्यांनाही मनाई. अक्षतांशिवाय लग्न कसलं? शेवटी सासूबाईंनी तोड काढली. सगळ्यांनी अक्षता मुठीत धरायच्या, ‘शुभमंगल सावधान’ला मूठ कपाळाशी न्यायची, उधळायच्या नाहीत. मग बंगल्यावर पोहोचल्यावर अंगणात चादर अंथरून, वधू-वरांना तिच्यावर उभं करून, त्याच अक्षता टाकायच्या. तासभर मुठीत, रुमालात, पर्समध्ये जपलेले ते तांदूळ घामानं थोडे चिकट झाले होते. हसूही आलं, पण एकही दाणा अॅनाबर्गला सांडला नाही. जाताना मी मागे वळून दोनदा पाहिलं.

हार स्थानिक फुलांचे करा. भारतातून ताजी फुलं आणायच्या भरीला पडू नका. सेंट थॉमसच्या फुलवाल्याला चाफा, बोगनवेल, जास्वंद सांगता येते, पण आपल्यासारखा भरगच्च हार कसा ओवायचा ते फोटो पाठवून समजावा, नाहीतर नाजूक माळ हातात पडते. आणि हार राखायला एक माणूस ठेवा. बेटावर मोकाट गाढवं आहेत. एकानं नवऱ्या मुलाच्या हाराचा शेंडा पार्किंगमध्येच खाल्ला. उरलेला हार उलटा करून घातला, फोटोत कळत नाही.

ध्वनिवर्धक धरून चालू नका. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या तिघींना उघड्यावर, वाऱ्यात, आवाज न फाटता म्हणायचा सराव करू द्या. सनई हवीच असेल तर ती बंगल्यावर.

आणि शंख. आमच्या गुरुजींच्या पिशवीत होता. आम्हाला वर नेणाऱ्या सफारी-टॅक्सीच्या चालकानं तो पाहिला आणि विचारलं, हा कशाला? क्रूझ बे या सेंट जॉनच्या मुख्य गावातल्या बागेत तुम्हाला एक पुतळा दिसेल, शंख फुंकणारा माणूस. ते तिथलं स्वातंत्र्याचं चिन्ह आहे. १८४८ च्या जुलैमध्ये सेंट क्रॉयवर शंख आणि घंटा वाजवूनच लोक गोळा झाले होते. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांवर तोच शंख माणसांना कामावर बोलावायला फुंकला जाई. चालकानं हे सगळं गाडी चालवता चालवता, आरशात बघत सांगितलं. नको म्हणाला नाही. गुरुजी जरा घुटमळले, मग पिशवीची चेन त्यांनी स्वतःच लावली.

आठवी पायरी : त्या दिवशीची धावपळ

सेंट जॉनला विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, टॅक्सीनं रेड हुकच्या धक्क्यावर जायचं, तिथून साधारण २० मिनिटांची फेरी क्रूझ बेला. गाडी न्यायची तर वेगळा तराफा आहे, त्याच्या रांगेला वेळ धरा. मंडळींना निदान दोन दिवस आधी बोलवा. ‘सकाळच्या फेरीनं येतो’ म्हणणाऱ्या मामावर मुहूर्त सोडू नका, कारण नवरीला घेऊन उभं राहायचं तेच.

भाड्यानं गाडी घेतलीत तर एक गंमत: गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे, पण चालवायचं रस्त्याच्या डाव्या बाजूनं. भारतातून आलेल्यांना बाजू बरोबर वाटते आणि स्टिअरिंग चुकीचं, अमेरिकेतून आलेल्यांना उलट. लग्नाच्या दिवशी सफारी-टॅक्सीच करा.

अॅनाबर्गला पाणी, छत्र्या आणि ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या आपल्या आपण न्या. स्वच्छतागृहाचं काम बंगल्यावरूनच उरकून निघा. नऊवारी किंवा सुती साडी, पायात पट्ट्याच्या चपला. उंच टाचा त्या दगडांत अडकतात. भिंतींवर बसायचं नाही, चढायचंही नाही, लहान मुलांना आधीच सांगून ठेवा. उन्हाचं क्रीम घेताना डबीवरची घटकांची यादी वाचा. प्रवाळाला अपायकारक म्हणून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या क्रीमना या बेटांवर २०२० पासून बंदी आहे. खाली किनाऱ्यावर फोटोला गेलात तर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेल्या मॅन्शिनीलच्या झाडापासून दूर राहा. फळ विषारी, चीक कातडीवर फोड आणतो, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहणंसुद्धा धोक्याचं.

ड्रोन न्यायचाच नाही. राष्ट्रीय उद्यानांत त्याला मनाई आहे, फोटोग्राफर काहीही सांगो.

भारतात थेट प्रक्षेपण करायचं असेल तर आधी फोनमधलं रोमिंग बंद करा. अॅनाबर्गसमोर टॉर्टोलाचे मनोरे इतके जवळ आहेत की फोन गुपचूप ब्रिटिश जाळ्यावर जातो आणि परदेशी दरानं बिल येतं. आमच्या जावयांचं आलं. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून सिग्नल तपासा. नसेल तर चित्रण करून बंगल्यावरून पाठवा. पुण्यातल्या मंडळींना अर्ध्या तासाचा उशीर चालतो, अर्धवट तुटणारी मंगलाष्टकं चालत नाहीत.

पाऊस आला तर? तिथली सर बहुधा पंधरा मिनिटांची असते. मुहूर्तापूर्वी अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे एक सर पोटात घालता येते. जोर धरला तर बंगल्याच्या पडवीत लग्न लावायची तयारी असू द्या.

शेवटची पायरी : निघताना

जागेवरून काहीही उचलू नका: विटेचा तुकडा, प्रवाळ, शिंपला, काहीच नाही. आमच्या लहान पुतणीच्या खिशातून निघालेला पिवळ्या विटेचा कपचा तिच्याच हातानं परत ठेवायला लावला. मुख्य भूमीकडे जाताना विमानतळावर शेतीमालाचीही तपासणी होते. फळं, रोपं, ताजे हार सोबत धरू नका. हार आम्ही बंगल्याच्या झाडांच्या मुळाशी घातले. समुद्रात सोडू नका, दोरा माशांच्या पोटात जातो.

विवाह-प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रती एकदम चार-पाच मागवा. भारतात वापरायच्या प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन, लागतं. ते व्हर्जिन बेटांच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या कार्यालयातून मिळतं, तुमच्या राज्याच्या सचिवालयातून नाही. आमचा लिफाफा या चुकीपायी एकदा न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनला, जाऊन परत आला, त्यात तीन आठवडे गेले.